सात रस्ता परिसरातील तर्कशास्त्राचा रविवार वर्ग : आठ बैठकांनंतरचा अभिप्राय

गेल्या उन्हाळ्यात सोलापुरात सात रस्ता परिसरात तर्कशास्त्राचा एक वर्ग दर रविवारी सायंकाळी साडेपाच ते साडेसात या वेळेत भरत असे. त्याच्या आठही बैठकांना मी हजर होतो. शुल्क १,२०० रुपये होते. आम्ही तीसेक जण होतो. त्यांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले, दोन वकील, एक यंत्रमागधारक, काही गृहिणी आणि माझ्यासारखे निवृत्त लोक होते. हा वर्ग पुन्हा सुरू होणार आहे असे कळले, म्हणून जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर लिहितो आहे.

शिकवणारे सर महाविद्यालयात अनेक वर्षे तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी ॲरिस्टॉटलपासून सुरुवात केली नाही. सुरुवात केली ती नळाच्या पाण्यापासून. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येते आणि ते आल्याचे कळते बहुधा गल्लीतल्या मोटारींच्या आवाजावरून. हे अनुमान सरांनी न्यायदर्शनातील, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनातील, पाच अवयवांत म्हणजे टप्प्यांत मांडले. नळाला पाणी आले आहे, ही प्रतिज्ञा. कारण मोटारी चालू आहेत, हा हेतू. जेव्हा जेव्हा मोटारी चालू असतात तेव्हा पाणी आलेले असते, जसे मागच्या खेपेला, हे उदाहरण. आताही तसाच आवाज येतो आहे, हा उपनय. म्हणून पाणी आले आहे, हे निगमन. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागे बसलेल्या एक बाई म्हणाल्या, ‘सर, आमच्याकडे बोअर आहे, तिची मोटार रोजच चालते.’ सरांना हेच हवे होते. साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, नसलेल्या ठिकाणीही जो हेतू आढळतो तो सव्यभिचार, आणि असा हेतू हा हेत्वाभास, म्हणजे हेतूसारखा दिसणारा सदोष हेतू असतो, ही व्याख्या त्यांनी त्यानंतर फळ्यावर लिहिली. व्याख्या आधी आणि उदाहरण नंतर, असा क्रम त्यांनी ठेवला असता तर ती माझ्या लक्षात राहिली नसती.

धूर आणि अग्नी यांचे पारंपरिक उदाहरणही त्याच पद्धतीने आले. धुरावरून अग्नी ओळखता येतो, परंतु अग्नीवरून धूर ओळखता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. अग्नीतून धूर निघायला ओले सरपण लागते. या न दिसणाऱ्या अटीला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, उपाधी म्हणतात. वर्गात मिळालेल्या सर्व संज्ञांपैकी रोजच्या व्यवहारात मला सर्वाधिक उपयोगी पडलेली संज्ञा हीच आहे. काढा घेतला आणि ताप उतरला, असे कोणी सांगितले की आता मी आधी विचारतो, काढा न घेता तो उतरला असता का? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण ती गाठ योगायोगाची की कारणाची, हे तपासायचे कसे, ते मला या वर्गात प्रथम नीट कळले.

पाश्चात्त्य आणि भारतीय तर्कशास्त्रातील फरकाला दोन पूर्ण बैठका दिल्या होत्या आणि त्या योग्यच होत्या. पाश्चात्त्यांच्या आकारिक तर्कशास्त्रात, म्हणजे युक्तिवादाचा केवळ साचा तपासणाऱ्या शास्त्रात, विधाने असत्य असूनही युक्तिवाद वैध असू शकतो. सर्व घोडे पक्षी आहेत आणि सर्व पक्षी उडतात, तर सर्व घोडे उडतात, हा युक्तिवाद आकाराने निर्दोष आहे. नैयायिकाला एवढे पुरत नाही. त्याच्या दृष्टीने अनुमान हे ज्ञानाचे साधन, म्हणजे प्रमाण आहे, त्यामुळे हेतू खराही असावा लागतो आणि व्याप्ती, म्हणजे हेतू तेथे साध्य असा नेमाने असणारा संबंध, दाखवणारे उदाहरणही द्यावे लागते. आमच्यातील वकिलांचा या बैठकीत बराच वेळ वाद झाला आणि सरांनी तो होऊ दिला.

चौथ्या बैठकीत ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वॅसन यांनी १९६६ मध्ये मांडलेली पत्त्यांची चाचणी झाली. टेबलावर अ, क, ४ आणि ७ असे चार पत्ते होते. एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते, हा नियम तपासण्यासाठी कोणते पत्ते उलटावेत, असा प्रश्न होता. माझ्यासह बहुतेकांनी अ आणि ४ सांगितले. बरोबर उत्तर अ आणि ७ आहे, कारण चारच्या मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही, सातच्या मागे स्वर निघाला तर मात्र मोडतो. मग सरांनी तोच प्रश्न एसटीच्या भाषेत विचारला. मोफत प्रवास करणाऱ्याचे वय ७५ पूर्ण असले पाहिजे. चार प्रवाशांपैकी एक मोफत प्रवास करतो आहे, एकाने पूर्ण तिकीट काढले आहे, एक ८० वर्षांचा आहे आणि एक ६० वर्षांचा. वाहकाने कोणाला तपासावे? मोफत जाणाऱ्याचे वय आणि साठीच्या गृहस्थाचे तिकीट, असे सगळ्यांनी एका सुरात सांगितले. दोन्ही प्रश्नांचा सांगाडा एकच होता, हे उमगल्यावर वर्गात काही क्षण कोणीच बोलले नाही.

विगमनाची, म्हणजे पाहिलेल्या थोड्यांवरून सर्वांबद्दल निष्कर्ष काढण्याची, बैठक शितावरून भाताची परीक्षा या म्हणीवर उभी होती. भातालाच ही परीक्षा का चालते? कारण सगळी शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. चादरींच्या गठ्ठ्याला ती चालत नाही. हे मला जिव्हारी लागले, कारण मुलीच्या लग्नातील आहेरासाठी मी दोन डझन टॉवेल वरचा एक हाताने चाचपून घेतले होते आणि खालच्यांचा रंग पहिल्याच धुण्यात उतरला होता. मात्र केवळ प्रत्यक्ष मानणाऱ्या चार्वाकांनी व्याप्तीवर घेतलेला आक्षेप आणि स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा त्याच जातीचा प्रश्न शेवटच्या वीस मिनिटांत उरकले गेले. न पाहिलेल्या गोष्टींबद्दल पाहिलेल्यांवरून बोलण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो, हा तत्त्वज्ञानातील अतिशय गंभीर प्रश्न आहे आणि त्याला वीस मिनिटे देणे ही या वर्गाची सर्वांत मोठी उणीव मला वाटते.

सातव्या बैठकीतील छलाचे, म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ लावण्याचे, उदाहरण सोलापूरकरांनी ऐकावेच असे आहे. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यात ‘नवकंबल’ हा शब्द येतो. बोलणाऱ्याला नवी घोंगडी असे म्हणायचे असते, तर समोरचा त्याचा अर्थ नऊ घोंगड्या असा लावून विचारतो, ‘कुठे आहेत नऊ?’ चादरींच्या गावात या उदाहरणाला हशा पिकणारच. पण त्यापाठोपाठ वाद, जल्प आणि वितंडा यांतील भेद समजावला गेला, तेव्हा मला वडिलोपार्जित घराविषयी धाकट्या भावाशी झालेली बोलणी आठवली. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे खोडत राहणे ही वितंडा. त्या बोलण्यांत मी वर्षभर केवळ जल्प करत होतो. त्या आठवड्यात मी त्याला फोन केला आणि त्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडून दाखवले. घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही, पण आता आम्ही एकाच प्रश्नावर बोलतो.

सहावी बैठक चिन्हांकित तर्कशास्त्राची होती. सत्यता-सारण्या, म्हणजे विधाने खरी-खोटी असण्याच्या सर्व शक्यतांचे तक्ते, भरभर फळ्यावर आल्या आणि पुसल्याही गेल्या. गणिताची सवय नसलेले आम्ही दहा-बारा जण मागे पडलो. टिपणांच्या प्रतींत पाने उलटसुलट लागली होती. उन्हाळ्यात साडेपाचलाही सभागृह तापलेले असते आणि दोन पंखे तीस माणसांना पुरत नाहीत. वयस्कर मंडळींना पाठ टेकायला खुर्च्या हव्यात. स्पर्धा परीक्षेतील बुद्धिमापनाचे प्रश्न झटपट सोडवण्यासाठी येऊ पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की येथे वेग शिकवला जात नाही. तशा अपेक्षेने आलेली तीन मुले तिसऱ्या रविवारनंतर दिसली नाहीत.

पुढील वर्ग गड्ड्याची यात्रा, म्हणजे जानेवारीतील सिद्धेश्वराची यात्रा, आटोपल्यावर सुरू करण्याचा विचार आहे, असे सरांनी सांगितले. शुल्क थोडे वाढवून विगमनासाठी आणखी दोन बैठका ठेवाव्यात, अशी विनंती मी लेखी दिली आहे. ती मान्य झाली तर मी पुन्हा नाव नोंदवणार आहे, आणि या वेळी भावालाही बरोबर येण्याबद्दल विचारले आहे.