गोळ्यांची कंपनी की बायोलॉजिक्स? पुण्यातल्या नव्या फार्मसी पदवीधरांसाठी

निकाल लागला की ओळखीतली दोन-तीन मुलं हाच प्रश्न घेऊन घरी येतात : "ताई, कुरकुंभला गोळ्यांच्या कंपनीत ऑफर आहे, घेऊ? की हिंजवडी-चाकणला बायोलॉजिक्ससाठी थांबू?" बायोलॉजिक्स म्हणजे जिवंत पेशींकडून करवून घेतलेली औषधं. मी चौदा वर्षं क्यूएमध्ये, म्हणजे गुणवत्तेची हमी देणाऱ्या विभागात आहे, दोन्हीकडे राबले आहे.

आधी मालातला फरक पाहा. अ‍ॅस्पिरिनच्या रेणूचं वजन 180 डाल्टन. कर्करोगावर देतात त्या अँटिबॉडीचं सुमारे दीड लाख. पहिला रेणू रसायनांतून घडतो आणि तो तोच आहे हे प्रयोगशाळेत दाखवता येतं. दुसरा जिवंत पेशींकडून करवून घ्यायचा. पीएच किंवा ऑक्सिजन जरा हलला तर प्रथिनावरच्या साखरेच्या साखळ्या बदलतात, आणि त्याबरोबर औषधाचा गुणही बदलू शकतो. बायोरिअ‍ॅक्टरमध्ये (पेशी वाढवायच्या टाकीत) अकराव्या दिवशी जंतुसंसर्ग निघाला की अख्खी बॅच नाल्यात जाते, तीही आधी निर्जंतुक करून. ते मी पाहिलंय. त्या रात्री शिफ्टमध्ये कुणी जेवलं नाही.

म्हणून गोळ्या सोप्या, असं मात्र समजू नका. 2018 मध्ये रक्तदाबाच्या व्हल्सार्टनमध्ये एनडीएमए हे कर्करोगाचा धोका वाढवू शकणारं रसायन सापडलं आणि जगभर माल परत मागवावा लागला. निर्मितीची पद्धत बदलली तेव्हा ही अशुद्धी तयार होऊ लागली होती, आणि नेहमीच्या चाचणीत ती दिसतच नव्हती. यापुढे 'चाचणीत पास' एवढ्यावर भागणार नाही. इथे काय काय बिघडू शकतं हे आधी ओळखणारा माणूस हवा. डिसेंबर 2023 मध्ये अधिसूचित झालेला सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीची सरकारी नियमावली, हेच मागतो. त्यात जेनेरिकचे भाव पडलेले आणि कच्च्या मालासाठी चीनवर भिस्त.

माझ्या पहिल्या नोकरीत कॉम्प्रेशनच्या (गोळ्या दाबून घडवणाऱ्या यंत्राच्या) ऑपरेटरला दर अर्ध्या तासाने गोळ्यांचं वजन लिहायचं असे. एकदा ऑडिटरने वजनकाट्याचे प्रिंटआउट मागवले. रेकॉर्डमध्ये सोळा नोंदी, प्रिंट नऊ. उरलेल्या सात शिफ्ट संपताना बसून लिहिलेल्या, आणि त्या पानावर तपासल्याची सही माझी होती. बॅच अडकली. तेव्हापासून मी नोंद होते त्या वेळी तिथे उभी राहते. ही सवय गोळ्यांच्या कारखान्यात लागते तशी दुसरीकडे क्वचितच लागते.

बायोलॉजिक्सचं आकर्षण खरं आहे. देशात विकसित झालेल्या कोविडवरच्या पहिल्या एमआरएनए लशीला जून 2022 मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली, ती पुण्याच्या जेनोव्हाची. भुकटीच्या रूपात 2 ते 8 अंशांवर टिकणारी. म्हणजे साध्या फ्रीजमध्ये. असं काम करायचं असेल तर सेल कल्चर, शुद्धीकरण आणि थोडी संख्याशास्त्राची समज लागते, आणि बी.फार्म.मध्ये यातलं फार थोडं हाताला लागतं.

तिसरा पर्याय खराडीतल्या फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याच्या कामाचा. वेळ ठरलेली, एसी ऑफिस. पण नुसत्या केस (दुष्परिणामांच्या तक्रारी) भरण्याचं काम संगणक घेऊ लागलाय. वैद्यकीय मूल्यमापनापर्यंत नेणार असतील तरच जा.

माझं मत विचाराल तर बी.फार्म.वाल्यांनी गोळ्यांची ऑफर घ्यावी, पण क्यूसी (प्रयोगशाळेतली तपासणी) किंवा आयपीक्यूए (उत्पादन चालू असतानाची गुणवत्ता-देखरेख) मागून घ्यावं, आणि दोन-तीन वर्षांनी इंजेक्टेबल्समार्गे बायोलॉजिक्सकडे वळावं. बायोटेकचं एम.एस्सी. किंवा एम.टेक. असेल तर हा वळसा नको, थेट तिकडेच जा.

मुलाखतीत एक विचारा : "मागच्या वर्षीचं एखादं डेव्हिएशन तुम्ही कसं सोडवलं?" (डेव्हिएशन म्हणजे ठरलेल्या पद्धतीपासून झालेली फारकत.) उत्तरात फक्त 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं' आलं, तर दुसरी ऑफर शोधा. आणि कुरकुंभ ठरलंच, तर पुण्याहून रोज ये-जा करू नका. दौंडला खोली घ्या.