सरेमध्ये एक दिवस चालायचं तर: टेकडी, रान की कालवा?

लंडनला आलेल्या नातेवाइकांना "चला, डोंगर दाखवतो" म्हणून बॉक्स हिलला नेलं, की माथ्यावर पोचल्यावर त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "आणि डोंगर कुठाय?" प्रश्न चुकीचा नाही. बॉक्स हिल समुद्रसपाटीपासून २२४ मीटर. लंडनच्या दक्षिणेला लागून असलेल्या सरे परगण्यातलं सर्वांत उंच ठिकाण लीथ हिल, तेही २९४ मीटर. पुणं वसलंय ५६० मीटरवर. तुळशीबागेत बांगड्या घेणारी बाई लीथ हिलच्या बुरुजावर दुर्बीण लावून उभ्या असलेल्या माणसापेक्षा बरीच उंचावर असते.

तेव्हा सरेमधली वाट निवडताना उंची विसरा. मी इतक्या वर्षांत तीनच गोष्टी बघायला शिकलो: पायाखाली माती कुठली, सोबत कोण, आणि अंधार कधी पडतो. त्यात माती पहिली. या एका परगण्यात खडूच्या टेकड्या आहेत, वालुकाश्माचे डोंगर आहेत आणि त्यांच्या पायथ्याला चिकणमाती आहे. पाऊस तोच, पण तीन ठिकाणी तीन तऱ्हेचा चिखल. शिवाय इंग्लंडमधला हा सर्वांत जास्त झाडी असलेला परगणा. एक पंचमांशाहून जास्त जमीन झाडांखाली आहे, त्यामुळे सावलीतल्या वाटा पाऊस थांबून चार दिवस झाले तरी ओल्याच राहतात.

लंडनहून ट्रेनने जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल अशा चार वाटा इथे समोरासमोर ठेवतो: बॉक्स हिल, लीथ हिल, गिल्डफर्ड ते गोडाल्मिंग ही वे नदीकाठची वाट, आणि ब्रुकवूड ते वोकिंग हा बेसिंगस्टोक कालवा.

चढायचंच असेल तर

खरी निवड बॉक्स हिल आणि लीथ हिल या दोघांत आहे. नकाशावर दोन्ही डॉर्किंग गावाच्या आसपास, पण स्वभाव अगदी वेगळे.

बॉक्स हिल ही खडूची टेकडी. तीच फळ्यावरची पांढरी माती, मोल नदीने कापलेली. बॉक्स हिल अँड वेस्टहंबल स्टेशनवर उतरलं की पंधरा-वीस मिनिटांत नदी लागते, आणि ती ओलांडायला पाण्यात मांडलेले गोल दगड. मुलांसाठी दिवसातली सर्वांत मोठी गोष्ट हीच, वरचा देखावा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला नदी ओलांडता येऊ नये म्हणून हे दगड काढून टाकले होते. १९४६ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री चुटर ईड यांनी नवे बसवून दिले. नदी फुगली की दगड पाण्याखाली जातात. मग मुकाट्याने जवळच्याच पादचारी पुलावरून जायचं. मुलं रुसतात, त्याला इलाज नाही.

दगडांनंतर लगेच खडी चढण, तीही लाकडी पायऱ्यांची. अडीचशेहून जास्त पायऱ्या आहेत. पर्वती चढणाऱ्याला यात काही नाही, पण पर्वतीच्या पायऱ्या कातळाच्या असतात. इथे पायरीची कड लाकडाची आणि मधे ओला खडू, म्हणजे साबण लावलेली फरशीच. आणि धोका चढताना नाही, उतरताना. म्हणून पावसानंतर जायचं झालं तर पायऱ्यांनी चढावं आणि उताराला दुसरी, लांबची पण सौम्य वाट घ्यावी. माथ्यावर सॉलोमन्स यांच्या स्मरणार्थ बांधलेला कट्टा आहे. लिओपोल्ड सॉलोमन्स यांनी १९१४ मध्ये ही जमीन विकत घेऊन देशाला दिली, नाहीतर इथे आज बंगले असते. चहा, स्वच्छतागृह आणि गाडी लावायची जागाही माथ्यावरच. हीच बॉक्स हिलची सोय आणि हीच तिची गैरसोय. घाम गाळून वर पोचावं, तर समोर गाडीने आलेलं अख्खं कुटुंब आइस्क्रीम खात बसलेलं. सिंहगडावर पायी जाणाऱ्यांना ही भावना समजावून सांगायची गरज नाही.

तिथेच रानात एक विचित्र खूण आहे. पीटर लाबेलिएर नावाच्या मेजरला १८०० साली इथे डोकं खाली, पाय वर असं उभं पुरलं. त्याची इच्छाच तशी होती म्हणतात.

लीथ हिलच्या माथ्यापर्यंत गाडी जात नाही, आणि म्हणून मला ती जास्त आवडते. तिथे जायला कष्ट पडतात. होमवूड स्टेशनवरून जाऊन येऊन दहा-बारा किलोमीटर चाल, आणि त्या छोट्या स्टेशनवर रविवारी गाडी नसते, म्हणजे शनिवारच गाठावा लागतो. सुरुवातीच्या शेतांत चिकणमाती. हिवाळ्यात बुटाला दोन-दोन किलोचा गोळा लागतो. कोकणात भातलावणीच्या वेळी बांधावरून चाललेल्याला अंदाज येईल. पण कोल्डहार्बर गावाकडे चढ सुरू झाला की माती बदलते. खाली वालुकाश्म, पाणी झिरपून जातं, पाऊल घट्ट बसतं. दोन्ही बाजूंना बीच आणि पाइनची झाडं, माणूस क्वचित. एप्रिलच्या अखेरीस ते मेच्या सुरुवातीला आसपासच्या रानात ब्लूबेल फुलतात, झाडांखाली निळं पाणी साचल्यासारखे. कासचं पठार बघितलेल्यांनाही हे वेगळं वाटेल. तिथे फुलं उघड्या आभाळाखाली, इथे सावलीत.

माथ्यावरचा बुरूज रिचर्ड हल नावाच्या गृहस्थाने १७६५ मध्ये बांधला, आणि तो स्वतः त्याच बुरुजाखाली पुरलेला आहे. टेकडी हजार फुटांना थोडी कमी पडते. बुरुजाच्या माथ्याने ती उणीव भरून निघाली. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला लंडनच्या उंच इमारती आणि दक्षिणेला डोंगरांच्या खिंडीतून समुद्राची रेघ, दोन्ही एकाच जागेवरून दिसतं. बॉक्स हिलवरून हे दिसत नाही.

मग कुठली? सहा-सात वर्षांची मुलं बरोबर असतील, किंवा पाहुण्यांचा इंग्लंडमधला पहिलाच आठवडा असेल, तर बॉक्स हिल. राजगड-तोरणा केलेले, "इथे ट्रेक असा नाहीच" म्हणून कुरकुरणारे मित्र असतील तर लीथ हिल. हे दोन गट एकत्र नेऊ नका. आम्ही नेले होते, आणि दिवसभर अर्धी माणसं पुढे, अर्धी मागे, फोनला रेंज नाही.

आणखी एक नाव लोक सुचवतात, हाइंडहेडचं डेव्हिल्स पंच बोल, म्हणजे वाडग्यासारखी खोलगट दरी. २०११ मध्ये बोगदा झाल्यापासून तिथला महामार्ग जमिनीखाली गेला आणि जुन्या रस्त्यावर आता गवत उगवलंय. ऑगस्टमध्ये हेदरची जांभळी झुडपं फुलतात तेव्हा गाडी असेल तर जरूर जा. ट्रेनने जाणाऱ्याला पुढे बस शोधावी लागते, म्हणून ते या तुलनेत धरलं नाही.

चढायचं नसेल तर

आई-वडील सत्तरीचे, गुडघ्यांनी आधीच नोटीस दिलेली. अशा वेळी टेकडीचा हट्ट सोडावा आणि पाण्याकाठी जावं. या वाटा मुळात नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेल्या, त्यामुळे चढ जवळजवळ नाहीच.

वे नदीचा कालवा ब्रिटनमधल्या फार जुन्या जलमार्गांपैकी एक. गिल्डफर्डपर्यंत तो १६५३ मध्ये पोचला, पुढे गोडाल्मिंगपर्यंतचा भाग १७६४ चा. म्हणजे तिकडे थोरले माधवराव पेशवे कारभार बघत होते तेव्हा इकडे या शेवटच्या तुकड्यावर नावा सुरू झाल्या. गिल्डफर्ड ते गोडाल्मिंग साधारण सात किलोमीटर. गाव सुटलं की सेंट कॅथरीन्सजवळ काठावर पिवळी वाळू लागते, वर टेकाडावर चौदाव्या शतकातल्या चॅपलच्या उभ्या भिंती. पुढे कुरणं, गाई, आणि लॉकचे, म्हणजे नाव वर-खाली न्यायला बांधलेल्या पाण्याच्या कुंडांचे, लाकडी दरवाजे. हा दरवाजा उघडणारी नाव दिसली तर थांबा. पाणी भरून नाव वर कशी उचलली जाते हे बघताना आमच्या बाबांनी अर्धा तास काढला आणि नंतर घरी सगळ्यांना हात हलवून समजावलं.

गोडाल्मिंगला एक गंमत आहे. १८८१ मध्ये याच नदीच्या पाण्यावर चाक फिरवून तिथल्या रस्त्यावर विजेचे दिवे लावले, तेही सार्वजनिक पुरवठा म्हणून. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं १९१५ मध्ये.

वे नदीची अडचण एकच. गावाबाहेर वाट गवताची आणि मातीची आहे. जून ते सप्टेंबर ती सुखाची. जानेवारीत कुरणांत पाणी शिरतं आणि सत्तरीच्या माणसाला तिथे नेणं शहाणपणाचं नाही. ढकलगाडीतलं बाळ असेल तरीही तेच.

तिथे बेसिंगस्टोक कालवा जिंकतो. ब्रुकवूड ते वोकिंग साधारण सहा किलोमीटर, वाट जास्त टणक, हिवाळ्यातही चालण्याजोगी. वाटेत आठ लॉक, आणि या दिशेने चाललं की पाणी आपल्याबरोबर पायरी पायरीने खाली उतरतं. देखावा म्हणाल तर वे नदी कितीतरी सरस. इथे मधूनच घरांची मागची कुंपणं दिसतात, वोकिंग जवळ आलं की सुपरमार्केटच्या ट्रॉल्याही.

पण या वाटेच्या दोन्ही टोकांना आपलं काहीतरी आहे. ब्रुकवूडची दफनभूमी ब्रिटनमधली सर्वांत मोठी, १८५४ मध्ये सुरू झालेली. एके काळी लंडनच्या वॉटर्लू स्टेशनजवळून मृतदेहांसाठी वेगळी आगगाडी सुटायची. दफनभूमीच्या पारशी भागात जमशेटजी टाटा विसावलेत. १९०४ मध्ये ते जर्मनीत वारले, त्यांना इथे आणलं. दोराबजी आणि मेहेरबाईंचंही स्मारक शेजारीच. वोकिंगच्या टोकाला, कालव्यापासून थोड्या अंतरावर, शाहजहान मशीद: १८८९ ची, ब्रिटनमधली मशीद म्हणून बांधलेली पहिली इमारत, भोपाळच्या बेगमेच्या पैशाने उभी राहिलेली. हिरवा घुमट बघून पाहुणे हमखास विचारतात, "हे इथे कसं?" आणि मग परतीच्या गाडीत तोच विषय.

निघण्याआधी

डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. लीथ हिलला जायचं तर सकाळी साडेआठची गाडी पकडा, नाहीतर त्या दिवशी कालव्यावरच समाधान माना. कालवा वाकडा जात नाही, स्टेशन कधी फार लांब नसतं. शेतांतून जाताना पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जाणाऱ्यांची वाट, निळा म्हणजे घोडे आणि सायकलीही येणार. फाटक उघडलं तर लावून घ्या. नकाशा हवा असेल तर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या एक्सप्लोरर मालिकेतला १४६ क्रमांक दोन्ही टेकड्यांना पुरतो, वे नदीकाठच्या वाटेला १४५.

बूट मात्र घोट्याच्या वर येणारे, चारही वाटांना. आईंनी साडीवर ते घालायला नकार दिला तर वाद घालू नका. सरळ ब्रुकवूडचं तिकीट काढा, आणि डबा कालव्याकाठच्या पहिल्याच बाकावर उघडा.