'सिटी लाइट्स' की 'मॉडर्न टाइम्स': संगीत कुणाचं सरस?

अंबाजोगाईत पोरांना चॅप्लिन दाखवायचं ठरलं की माझा आग्रह 'सिटी लाइट्स'चाच (१९३१) असतो. बोलपट येऊनही चॅप्लिनने हा मूकच ठेवला आणि संगीत स्वतः रचलं. स्वरलेखन येत नव्हतं. तो चाली गुणगुणायचा, आर्थर जॉन्स्टन लिहून घ्यायचा. सिनेमातल्या आंधळ्या फुलवालीची धून मात्र स्पॅनिश संगीतकार होसे पादियांची, 'ला व्हायोलेतेरा'. सुरुवातीला पुतळ्याच्या अनावरणात होणाऱ्या भाषणांना शब्दच नाहीत, नुसती पिपाणीसारखी कुरकुर. आपल्याकडच्या सभा पाहिलेली पोरं तिथं खदखदून हसतात. एरवी पडद्यावर धांदल असली तरी सूर बहुतेक हळवाच राहतो. गोंधळी जसा संबळ कथेच्या चालीनं वाजवतो, तसं.

'मॉडर्न टाइम्स'मध्ये (१९३६) वाद्यवृंद कारखान्याच्या पट्ट्याबरोबर धावतो, ऐकणाऱ्यालाही धाप लागते. त्यातली हळवी धून १९५४ मध्ये शब्द मिळून 'स्माइल' झाली. एकटी धून म्हणून तीच सुंदर, हे मान्य. पण सुरुवातीपासून एका धाग्यात ओवलेलं संगीत मला 'सिटी लाइट्स'मध्येच सापडतं. शेवटी दृष्टी आलेली फुलवाली हाताच्या स्पर्शावरून चॅप्लिनच्या भटक्याला ओळखते, तो प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा, मग सुरू करून.