शून्य हप्त्याचं अ‍ॅडव्हान्टेज की मेडिगॅप?

पासष्टी जवळ आली की अमेरिकेतल्या आपल्या घरांच्या टपालपेटीत रंगीत पाकिटांचा पाऊस सुरू होतो. मेडिकेअर म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा; त्यातला पार्ट ए हॉस्पिटलसाठी, पार्ट बी डॉक्टरांसाठी, हे तुम्हाला ठाऊक असेलच. खरा घोळ पुढे आहे: ओरिजिनल मेडिकेअरला (थेट सरकारकडून मिळणारे ए आणि बी) मेडिगॅपची, म्हणजे उरलेला खर्च उचलणाऱ्या खासगी विम्याची, जोड द्यायची, की सगळा कारभार खासगी कंपनीच्या एका अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनच्या हवाली करायचा? मी दोन्ही करून पाहिलंय, तेही वर्षभरात.

आधी अ‍ॅडव्हान्टेज घेतलं. पार्ट बीचा हप्ता (२०२५ मध्ये महिना १८५ डॉलर) भरायचा, वर एक पैसा नाही. दात, चष्मा, औषधं, जिम सगळं त्यातच. आठ महिने काही तक्रार नव्हती. आजारपणही नव्हतं म्हणा.

मग पाठ धरली. डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला आणि प्लॅनने पूर्वपरवानगी मागितली. फॅक्स पोचला नाही, मग पोचला, मग उत्तर आलं की आधी सहा आठवडे फिजिओथेरपी करून पाहा. इकडे डिसेंबरचं पुण्याचं तिकीट काढलेलं. रोज सकाळी फोन कानाला लावून तेच ते संगीत ऐकत बसायचं. अपील केल्यावर परवानगी मिळाली, पण तोवर तिकिटाची तारीख बदलायचा भुर्दंड भरून झाला होता. पैशांचं एवढं नाही वाटलं. ज्याने मला कधी पाहिलंही नाही, तो माझ्या डॉक्टरांचा कागद तपासत बसला होता, हे डोक्यात गेलं.

ओरिजिनलमध्ये ही परवानगी अगदी मोजक्या गोष्टींना लागते. मेडिकेअर घेणारा डॉक्टर देशात कुठेही गाठा, प्लॅनने ठरवलेल्या डॉक्टरांचं नेटवर्क बघायला नको. आमची मुलं दोन वेगळ्या राज्यांत, त्यामुळे हे फार सोयीचं पडलं. मी मेडिगॅपचा प्लॅन जी घेतला. पार्ट बीची वर्षाची वजावट, म्हणजे विमा सुरू होण्याआधीचा खर्च (२०२५ मध्ये २५७ डॉलर), आपण सोसायची, मेडिकेअरच्या बाकी मंजूर खर्चाला फारसं बघावं लागत नाही. हप्ता मात्र टोचतो, औषधांसाठीचा पार्ट डी वेगळा घ्यावा लागतो आणि दात स्वतःच्या खिशातून.

भारतात मेडिकेअर जवळपास निरुपयोगीच. प्लॅन जी परदेशातल्या तातडीच्या उपचारांना थोडा हात देतो: प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत दुखणं उद्भवलं, तर २५० डॉलरनंतरचा ८० टक्के खर्च, आयुष्यभरात ५०,००० डॉलरपर्यंत. अ‍ॅडव्हान्टेजमध्ये तातडीचं कव्हर प्लॅनगणिक वेगळं, आणि सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर साधारणपणे नावच कमी होतं. भारतातला हिवाळी मुक्काम लांबवणाऱ्यांनी हे बघावं.

माझे एक स्नेही अ‍ॅडव्हान्टेजवर खूश आहेत. प्रकृती ठणठणीत, जवळचं मोठं हॉस्पिटल नेटवर्कमध्ये, प्रवास बेताचा. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

फक्त माझ्यासारखा आधी अ‍ॅडव्हान्टेज, मग मेडिगॅप असा उलटा क्रम ठेवू नका. पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झालं की ६ महिने मेडिगॅप कंपनी तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. नंतर बहुतेक राज्यांत तब्येतीची चौकशी होते. न्यूयॉर्क, कनेक्टिकट असे थोडे अपवाद. पासष्टीला पहिल्यांदाच अ‍ॅडव्हान्टेज घेणाऱ्याला १२ महिन्यांत परत फिरता येतं, त्या सवलतीवर मी निभावलो. अकराव्या महिन्यात अर्ज केला.