व्हॅशजिर आणि नझजतार: पावसाळाभर नागांशी लढून झाल्यावर

परवा इथे पेडण्यात वारा सुटला, फणसाची फांदी केबलवर आली आणि काही दिवस नेट ठप्प. केबलवाल्याला फोन केला की "माणूस निघालाय", संध्याकाळी पुन्हा केला तरी "निघालाय". तोवर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (वॉव) या ऑनलाइन गेमच्या सबस्क्रिप्शनचे दिवस जातायत ते जातायतच, ते कोणी परत देत नाही. महिन्याचे पैसे भरून खेळणाऱ्याला असा प्रत्येक दिवस टोचतो. म्हटलं बसल्या बसल्या त्यातल्या नागांबद्दल, म्हणजे समुद्रातल्या सापासारख्या लोकांबद्दल, लिहून टाकूया, जूनपासून डोक्यात तेच आहे.

वॉव म्हणजे काय, लेव्हल कशी वाढते ते तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. मी हा पावसाळा फक्त नागांसाठी खेळलो. मुळात हे एल्फच, राणी अझशाराच्या दरबारातले उच्चकुलीन. दहा हजार वर्षांपूर्वी त्यांच्याच जादूपायी जमीन फुटली, राजधानी समुद्रात गेली आणि बुडता बुडता राणीने एन'झॉथ नावाच्या प्राचीन दुष्ट देवाशी सौदा केला. त्याने जीव वाचवायच्या बदल्यात चाकरी मागितली, ती बुडत असतानासुद्धा म्हणाली की राणी म्हणूनच जगेन. त्यातून झाले नागा. बायकांच्या चेहऱ्यावर अजून एल्फपणा शिल्लक आहे, पुरुष मात्र पार सरड्यासारखे. २००३ च्या फ्रोझन थ्रोन या आधीच्या वॉरक्राफ्ट गेममध्ये नागांची सरदार लेडी व्हॅश इलिडन या एल्फच्या बाजूने लढली तेव्हापासून हे लोक मला आवडतात, आणि त्यांचा राग मला पटतो.

व्हॅशजिर हा पाण्याखालचा प्रदेश, २०१० च्या कॅटॅक्लिझम या विस्तारातला. गेममधल्या क्रोमी या पात्राकडे जाऊन तो काळ निवडला की जाता येतं, सबस्क्रिप्शनमध्येच आहे, वेगळे पैसे नाहीत. सुरुवातीलाच जहाज बुडतं, मग पाण्यात श्वास घ्यायची आणि तळावर पळायची शक्ती मिळते, थोड्या वेळाने समुद्री घोडा. इथवर मस्त. आता नकाशा. नकाशा सपाट आहे! अख्खा भाग खालीवर पसरलेला, वर शेवाळाचं जंगल, खाली दरी, दरीच्या पोटात गुहा, आणि नकाशावर नुसता एक ठिपका. तो ठिपका तुमच्या डोक्यावर आहे की पायाखाली, काही कळत नाही. एका क्वेस्टसाठी मी ठिपक्याच्या बरोबर मध्यावर जाऊन उभा राहिलो, नागा नाहीत, कोणी नाही, वर गेलो, खाली आलो, खडकाला वळसा घातला, शेवटी गुहेचं तोंड सापडलं ते पार पलीकडच्या उतारावर. एवढी वर्षं झाली, गेममध्ये बाकी सगळं बदललं, खोली दाखवणारा एक आकडा टाकता येऊ नये?

आमच्या शेजारचे काका ट्रॉलरवर असतात. जून-जुलै मासेमारी बंद म्हणून घरी होते, संध्याकाळी आमच्याकडे चहाला यायचे आणि मागे उभे राहून बघायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "हांगा उदक कितलें आसा?" मी म्हटलं, काका, ते दिसत नाही यात. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. ट्रॉलरवर फिश फाइंडर लावलेला असतो, त्यात पाणी किती ते सतत दिसतं, त्याच्याशिवाय जाळं कुठे सोडायचं? नंतर ते जेव्हा जेव्हा आले तेव्हा आधी हेच विचारायचे, आणि मला प्रत्येक वेळी तेवढाच राग यायचा. जुलै संपेपर्यंत माझं मत ठाम होतं की व्हॅशजिरवर वेळ घालवू नये.

मग दुसऱ्या भागात, शिमरिंग एक्स्पान्समध्ये, एका नागा बाईची तलवार हाती लागते आणि तिच्या आठवणी आपण तिच्या अंगातून जगतो. इथे मत बदललं. अचानक आपण नागा आहोत, बाजूला तिची पलटण, समोर त्यांचे शत्रू क्वाल्दिर. शत्रूच्या बाजूने तोच समुद्र दिसतो आणि लक्षात येतं की यांना वर-खाली शोधत बसावं लागत नाही, डोक्यावरून झडप घालणं ही त्यांची रोजची चाल आहे. आपण मात्र जमिनीवरच्या माणसासारखे समोर बघत राहतो आणि मार खातो. नेस्पिराह नावाचा प्रचंड जिवंत शिंपला आहे, त्याच्या पोटात कैद्यांना कामाला जुंपून नागा मोती काढून घेतात. ते आतून बघितल्यावर मात्र त्यांच्याबद्दलची सहानुभूती बरीच कमी झाली. दुसऱ्याचं शरीर फोडून संपत्ती काढायची आणि वर आपल्या कुळाचा तोरा मिरवायचा. शत्रू असाच लिहावा.

तेवढ्याच आशेने नझजतारला गेलो आणि निराश झालो. २०१९ च्या जूनमध्ये आलेली ही नागांची राजधानी, आणि तिथे पाणीच नाही. अझशाराने समुद्र दुभंगून बाजूला सारलाय, त्यामुळे आपण कोरड्यावर चालतोय आणि नागासुद्धा कोरड्यावर सरपटतायत. डोक्यावरून झडप नाही, काही नाही, समोर उभे राहतात, मारा. मला आजही वाटतं की हा कंटाळा केला आहे, पाण्यातली लढाई लोकांना आवडत नाही म्हणून पाणीच काढून टाकलं. पण चारी बाजूंना उभ्या राहिलेल्या पाण्याच्या भिंती बघत फिरलं, झिन-अझशारीचे, म्हणजे त्या बुडालेल्या जुन्या राजधानीचे, पडके खांब दिसले, की राणीचा माज अंगावर येतो, हेही खरं.

तो माज खरा कळतो तो तिच्या महालात. आठ बॉस आहेत, त्यातली क्वीन्स कोर्टची लढाई चुकवू नका. सिलिवाझ आणि पाश्मार हे दोन दरबारी लढत असतात आणि मध्येच राणीचं फर्मान सुटतं: दिलेल्या वर्तुळात उभे राहा, कोणाच्या जवळ थांबू नका, थांबू नका हलत राहा, तीच चाल लागोपाठ दोनदा करू नका. मोडलं की शिक्षा. लढाईत तलवारीपेक्षा दरबारी शिस्तच जास्त मारते, आणि दहा हजार वर्षं समुद्राच्या तळाशी राहून या लोकांनी नेमकं काय जपलं ते एका लढाईत समजतं. वाईट एवढंच की आता लेव्हल वाढवून एकटं गेलं तर पहिलं फर्मान पुरं व्हायच्या आत दोघे मेलेले असतात. मी नंतरच्या फेरीला मुद्दाम हात आवरून उभा राहिलो, ते मारत होते तरी काही लागत नव्हतं, आणि सगळी फर्मानं ऐकून घेतली. तुम्हीही तसंच करा.

नागा खातात काय, त्यांची पोरं कुठे वाढतात, दरबार सोडून घरात कसे बोलतात, यातलं मला कुठे दिसलं नाही. गिलगॉब्लिन आणि माकुरा या समुद्री जमातींना गुलाम करून राबवतात हे नझजतारमध्ये कळतं, पण ज्यांच्यासाठी ते राबतात त्यांचं घर कुठेच नाही. हा मला नकाशाहूनही मोठा दोष वाटतो, फक्त रोज त्रास नकाशाने दिला.

पैसे मोजून खेळणाऱ्याने क्रम असा ठेवावा: आधी वीसाव्या लेव्हलपर्यंत फुकट खेळून हात बसवा, मग एकच महिना भरून व्हॅशजिर पूर्ण करा, थ्रोन ऑफ द टाइड्स हे तिथलं डंजन तिथेच उरकून घ्या, वेळ उरला तर नझजतार. सहा महिन्यांचं एकदम घेऊ नका, निदान इकडे पावसाळ्यात तरी नाही.