‘एस्पोसितो’चा शोध : आडनावांच्या एका सशुल्क संकेतस्थळाचा अकरा महिन्यांचा अनुभव

माझी मुलगी लग्नानंतर नेपल्सजवळच्या तोर्रे देल ग्रेको या गावी राहावयास गेली, तेव्हा घरी आलेल्या पहिल्याच पाहुण्यांनी जावयांचे आडनाव काय आणि त्याचा अर्थ काय, असे विचारले. आडनाव ‘एस्पोसितो’ आहे एवढे सांगता आले. अर्थ सांगता आला नाही. आडनावाच्या शेवटी ‘कर’ लागले की गाव विचारणाऱ्या आपल्या माणसांना हे उत्तर अपुरे वाटणे साहजिक होते. त्यातून महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात २९ वर्षे काढल्यामुळे नोंदी तपासण्याची खोड मलाही आहेच. निवृत्तीनंतर वेळ मिळाला आणि मी आडनावांचे मूळ, अर्थ व लोकसंख्या देणाऱ्या एका परदेशी संकेतस्थळाची वर्षाची वर्गणी भरली. त्याला आता अकरा महिने झाले आहेत. संकेतस्थळाचे नाव येथे देत नाही, कारण या धर्तीची जी दोन-तीन संकेतस्थळे मी नंतर चाळून पाहिली, ती साधारण याच वळणाची निघाली.

प्रथम चांगले ते सांगते. अर्थाच्या बाबतीत संकेतस्थळाने मला फसवले नाही. ‘एस्पोसितो’ हे लॅटिन ‘एक्स्पोसितुस’वरून आले असून त्याचा अर्थ ‘बाहेर ठेवलेला’, म्हणजेच जन्मदात्यांनी उघड्यावर सोडून दिलेले मूल, असा आहे. नेपल्समधील आनुंत्सियाता या धर्मादाय संस्थेच्या भिंतीत एक ‘रुओता’, म्हणजे चाक, होते. चाक म्हटले तरी तो उभ्या आसावर फिरणारा लाकडी पोकळ पिंप होता. रस्त्याच्या बाजूने मूल त्यात ठेवायचे, घंटा वाजवायची आणि निघून जायचे. आतली बाई पिंप फिरवून मूल उचलून घेत असे आणि देणाऱ्याचा चेहरा तिला दिसत नसे. अशा मुलांना नेपल्समध्ये ‘मादोन्नाची लेकरे’ म्हणत, आणि त्यांच्यापैकी असंख्य मुलांच्या नावापुढे ‘एस्पोसितो’ हा शब्द आडनाव म्हणून लागला. ते चाक १८७५ मध्ये बंद झाले. हा मजकूर वाचल्यावर पाहुण्यांना काय सांगावे, असा प्रश्न मला पडला, हे प्रांजळपणे नमूद करते, जावयांना विचारले तर ते हसले आणि म्हणाले, “आई, नेपल्समध्ये कोणत्याही जिन्याच्या दाराशी घंटीच्या पाट्या वाचा, एक तरी एस्पोसितो असतोच.”

संकेतस्थळाचा नकाशा मात्र खरोखर पैसे वसूल करणारा आहे. आडनाव टाकले की प्रांतागणिक गडद-फिकट रंग उमटतात. एस्पोसितोसाठी नेपल्सभोवतीचा काम्पानिया प्रांत काळाकुट्ट होतो आणि उत्तरेकडे जाताना रंग विरत जातो. या खेळात माझे पहिले दोन महिने सहज गेले. इटलीतील सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत रोस्सी, रुस्सो, फेरारी आणि एस्पोसितो असा क्रम सामान्यतः लागतो. यांतील रोस्सी आणि रुस्सो ही दोन्ही मुळात ‘तांबड्या’ केसांच्या किंवा वर्णाच्या माणसावरून पडलेली असून पहिले उत्तर व मध्य इटलीचे, तर दुसरे दक्षिणेचे व सिसिलीचे आहे. फेरारी म्हणजे लोहार. मोटारीमुळे ज्या शब्दाला जगभर श्रीमंतीचा वास लागला, तो ऐरण-भात्यातून आलेला आहे हे कळल्यावर आमच्या कॉलनीतील मुलांना सर्वांत जास्त मौज वाटली. हाच लोहार पिएमोन्तेत फेरेरो होतो, दक्षिणेत फेरारो होतो आणि रोमान्या-तोस्कानाकडे फाब्री होतो. शेवटी ‘ई’ असेल तर बहुधा उत्तर-मध्य, ‘ओ’ असेल तर बहुधा दक्षिण, व्यंजनाने संपत असेल तर व्हेनेतो, आणि ‘ऊ’ किंवा ‘स’ असेल तर सार्दिनिया, असा ठोकताळा नकाशे पाहून पाहून माझा मलाच बांधता आला. संकेतस्थळाने तो कोठे सांगितलेला नाही, आणि अपवादही पुष्कळ आहेत.

टाकलेल्या मुलांच्या आडनावांचे नकाशे एकापाठोपाठ एक उघडणे हा तर स्वतंत्र अभ्यास ठरला. मिलानच्या ओस्पेदाले माज्जोरे या रुग्णालयाचे चिन्ह कबुतर होते. तेथे सांभाळलेल्या मुलांना ‘कोलोम्बो’ हे आडनाव मिळे, म्हणून त्या आडनावाचा रंग लोम्बार्दीत गडद दिसतो. फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीच्या आराखड्याप्रमाणे १४१९ पासून बांधले गेलेले आणि १४४५ मध्ये पहिले मूल स्वीकारणारे ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती, म्हणजे ‘निरागसांचे’ बालगृह, होते. त्यावरून इन्नोचेन्ती आणि नोचेन्तीनी आली. रोमच्या आसपास ‘प्रोइएत्ती’ आढळते, ज्याचा शब्दार्थ ‘फेकलेले’ असा आहे आणि तो मला एस्पोसितोपेक्षाही कठोर वाटतो. बोलोन्यात ‘देल्यी एस्पोस्ती’ आहे, सिसिलीत ‘त्रोव्हातो’, म्हणजे ‘सापडलेला’. एकाच दुःखाला प्रत्येक शहराने आपापल्या बोलीत आणि आपापल्या संस्थेच्या नावाने शिक्का मारला. हे सारे एका जागी, रंगीत नकाशांसह पाहावयास मिळते, याचे श्रेय मी संकेतस्थळाला मोकळेपणाने देते.

आता आकड्यांकडे वळते, कारण वर्गणी मी मुख्यतः त्यांच्यासाठी भरली होती. प्रत्येक आडनावाच्या पानावर वरच्या चौकटीत जगातील एकूण संख्या, देशवार संख्या आणि क्रमांक ठळक अक्षरांत दिलेले असतात, आणि संख्या एककापर्यंत अचूक असल्याचा आव आणते. मोजणी कोणत्या तारखेची आणि मोजले नेमके काय, हे दोन प्रश्न आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात. येथे त्यांची उत्तरे शोधावयास मला तिसरा महिना उजाडला. पानाच्या तळाशी, बारीक टाइपात, इटलीचे आकडे दूरध्वनी निर्देशिकेवरून घेतल्याचे लिहिले होते. म्हणजे ती संख्या माणसांची नव्हती, जोडण्यांची होती. एका घरात एक फोन, तोही बहुधा वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावे. भ्रमणध्वनी आल्यापासून तरुण मंडळी घरी तारेचा फोन घेतच नाहीत. आणि इटलीत लग्नानंतरही स्त्रीचे आडनाव दाखल्यांवर बदलत नाही, त्यामुळे नवऱ्याच्या नावच्या फोनमागे तिचे आडनाव पूर्णपणे झाकले जाते. माझी विहीणबाई त्या हिशेबात कोठेच नाहीत, कारण फोन त्यांच्या यजमानांच्या नावे आहे आणि त्यांचे माहेरचे आडनाव वेगळे आहे.

अमेरिकेच्या बाबतीत नेमके उलटे आहे. तेथील जनगणना विभाग शंभर किंवा अधिक व्यक्तींच्या आडनावांची यादी प्रसिद्ध करतो, आणि ती माणसांची असते. इटलीच्या जोडण्या आणि अमेरिकेची माणसे यांची बेरीज करून ‘जगात एकूण एस्पोसितो’ असा आकडा छापणे म्हणजे पोती आणि किलो एकत्र मोजणे होय. इटलीतील घरात सरासरी दोन-सव्वादोन माणसे असतात, म्हणून दुपटीने गुणावे म्हटले तर माहेरच्या आडनावाने राहणाऱ्या बायकांमुळे तेही बरोबर येत नाही. ग्राहक सेवेला मी याविषयी दोनदा सविस्तर लिहिले. पहिल्या वेळी आभार मानणारे ठरीव उत्तर आले. दुसऱ्या वेळी तेही आले नाही. तेव्हा माझे मत असे, की क्रमांक आणि नकाशाची छटा यांवर विश्वास ठेवावा, ठळक संख्येवर ठेवू नये.

शोधखिडकीचा त्रास वेगळाच आहे. ‘दे’स्पोसितो’मधील अवग्रहासारखे चिन्ह टाकले तर काही सापडत नाही, न टाकल्यास ते एस्पोसितोत मिसळून जाते, ‘स्पोसितो’ स्वतंत्र आडनाव म्हणून येते, पण त्याचे मूळ सांगणारा परिच्छेद नुसताच एस्पोसितोच्या पानावरून उचललेला असतो. स्पॅनिशमधील ‘एक्स्पोसितो’ हे त्याच लॅटिन शब्दाचे, परंतु स्पेनमधल्या टाकलेल्या मुलांचे आडनाव आहे, आणि संकेतस्थळ दोन्हींना एकाच घराण्याच्या शाखा ठरवते. उच्चाराची ध्वनिफीतही अमेरिकी ढंगाची असून आघात ‘सि’वर देते, नेपल्समध्ये तो ‘पो’वर पडतो, आणि माझा पहिला उच्चार ऐकून नातेवाईक मंडळी का हसली याचा उलगडा मला तेथे गेल्यावर झाला.

मात्र खरा कळस पाचव्या महिन्यात झाला. “आपल्या घराण्याचे राजचिन्ह, चौकटीसह” असा संदेश आला. निळ्या ढालीवर सोनेरी पट्टा, वर शिरस्त्राण, खाली ‘एस्पोसितो’. ज्या आडनावाचा अर्थच आईबाप ठाऊक नसलेले मूल असा आहे आणि तो याच संकेतस्थळाने मला पहिल्या दिवशी सांगितला, त्याला सरंजामी ढाल विकावयास निघणारा माणूस स्वतःची पाने वाचत नसावा. शिवाय एस्पोसितो हे एक घराणे नव्हेच. चाकातून आलेले प्रत्येक मूल हा एका नव्या घराण्याचा आरंभ होता, आणि शेजारी राहणाऱ्या दोन एस्पोसितोंचा परस्परांशी काडीचाही रक्तसंबंध असेलच असे नाही. तरीही डाव्या बाजूस “तुमचे संभाव्य नातेवाईक” अशी यादी दर आठवड्याला लांबत जाते. सुरुवातीला मी त्यांतील चौघांना निरोप पाठवले होते, याची आता मला लाज वाटते.

या वैतागातच जावयांनी मला ‘आन्तेनाती’ दाखवले. शब्दाचा अर्थ ‘पूर्वज’. इटलीच्या शासकीय अभिलेखागारांचे हे संकेतस्थळ असून ते विनाशुल्क आहे. त्यात अर्थ नाही, नकाशा नाही, राजचिन्ह नाही. जुन्या नोंदवह्यांच्या पानांची छायाचित्रे आहेत. नेपल्सच्या राज्यात फ्रेंच अमलाखाली १८०९ मध्ये नागरी नोंदणी सुरू झाली, म्हणून त्या भागाची दफ्तरे तेव्हापासूनची मिळतात, तर इटलीच्या एकीकरणानंतर देशभर एकसारखी नोंदणी १८६६ पासूनची आहे. बहुतेक वह्यांत नावाने शोध घेता येत नाही. वर्ष धरायचे, वहीच्या शेवटची सूची काढायची, क्रमांक पाहायचा आणि मागे पान उलटायचे. छापील नमुना, त्यात टाकाने भरलेले रकाने, साक्षीदारांच्या सह्या आणि ज्यांना लिहिता येत नाही तसा शेरा, हे पाहून मला माझे टेबल आठवले. इटालियन मला चारच शब्द येत होते, पण रकान्यांची जागा ठरलेली असल्यामुळे महिन्याभरात हात बसला. विवाहाच्या जोडकागदांत तर वधूवरांच्या जन्माचे उतारे आणि वारलेल्या वडिलांचे, प्रसंगी आजोबांचेही मृत्यूचे दाखले लावलेले असतात, त्यामुळे एका लग्नातून दोन पिढ्या एकदम हाती लागतात.

जावयांच्या घराची एस्पोसितो शाखा मी १८३० च्या दशकापर्यंत नेली. प्रत्येक पिढीत बापाचे नाव लिहिलेले आहे आणि प्रत्येक बाप एस्पोसितो आहे. चाकातून आलेला पहिला कोण, तो त्याहून मागचा, या वह्या सुरू होण्याच्या आधीचा असावा. हे तर्काला धरूनच आहे. नेपोलियनचा मेहुणा म्युरा नेपल्सचा राजा असताना, म्हणजे १८०८ ते १८१५ या काळात, जन्माची कहाणी उघड करणारी आडनावे देण्यास बंदी आली. त्यानंतर टाकलेल्या मुलांना अधिकारी कोणतेही सुचेल ते, निराळे आडनाव देऊ लागले. आजच्या इटालियन नियमांतही, आईबाप अज्ञात असलेल्या मुलाला त्याचे मूळ सूचित होईल असे नाव किंवा आडनाव देता येत नाही. त्यामुळे आज जे एस्पोसितो आहेत, त्यांतील बहुतेकांचा मूळपुरुष दोनशे वर्षांहून जुना मानावा लागतो.

टाकलेले मूल मला सापडले ते अनपेक्षित जागी, जावयांच्या आजीच्या शाखेत, जेथे आडनाव एस्पोसितो नाहीच. १८४२ ची नोंद आहे. अशा मुलांच्या नोंदींचा नमुना वेगळा असे. मूल आणणारी बाई ही चाकाची नेमलेली सांभाळणारी. मूल किती वाजता मिळाले, अंदाजे वय किती, अंगावर काय होते आणि शरीरावर खूण होती काय, हे सारे रकाने भरावे लागत. या नोंदीत वय ‘एक दिवस’ आहे, कपड्यांत एक जुनी अंगडी आणि दोन फडकी आहेत, खूण ‘नाही’. त्याखाली अधिकाऱ्याने मुलीला नाव आणि आडनाव बहाल केले आहे. ते आडनाव मी संकेतस्थळावर टाकून पाहिले. तेथे त्याचे मूळ एका खेड्याच्या नावाशी जोडलेले आहे, सोबत अर्थातच ढाल आहे. प्रत्यक्षात ते एका कारकुनाने एका सकाळी टाक बुडवून ठरवले होते. आमच्याकडे ‘वडिलांचे नाव : अज्ञात’ असे लिहिताना माझाही हात क्षणभर थांबत असे, म्हणून त्या कारकुनाविषयी मला राग नाही.

कोणी वर्गणी भरावी, याचे उत्तर सरळ आहे. ज्यांना आडनावांचा अर्थ आणि भूगोल यांचे कुतूहल आहे त्यांनी एका महिन्यापुरती भरावी, नकाशे पाहावेत आणि मुदत संपण्यापूर्वी आपोआप नूतनीकरणाची खूण आठवणीने काढावी. ती खूण खात्याच्या चौथ्या पडद्यावर लपवलेली आहे. ज्यांना माणसे शोधायची आहेत त्यांनी फुकटच्या नोंदवह्यांत बसावे.

गेल्या महिन्यात माझ्या नातीचा जन्म झाला. इटलीच्या घटनात्मक न्यायालयाच्या २०२२ च्या निर्णयानंतर मुलाला आईचे आणि वडिलांचे अशी दोन्ही आडनावे, त्यांनी ठरवलेल्या क्रमाने, लागतात. एकच लावायचे असल्यास दोघांची संमती लागते. मुलीने आमचे आडनाव आधी आणि एस्पोसितो नंतर असा क्रम ठरवला आणि पालिकेच्या कारकुनाने आमच्या आडनावातील ‘ळ’चे काय करावे यावर बराच वेळ घालवून तो मंजूर केला. दाखल्याचे छायाचित्र आल्यावर मी ते जोडनाव सवयीने संकेतस्थळाच्या खिडकीत टाकले. जगातील एकूण व्यक्ती शून्य, क्रमांक नाही, मूळ उपलब्ध नाही, असे उत्तर आले, आणि त्याखाली राजचिन्हाची मागणी नोंदवण्याचे बटण होते.