टामियाची टीटी-०२बी बग्गी: गाडी ठीकठाक, किट एक नंबर

नमनाला घडाभर तेल नको, तेलाचं पुढे भरपूर येणारच आहे, म्हणून निकाल आधीच सांगतो. टीटी-०२बी ही टामियाची रिमोटवर पळणारी, सुटे भाग घरी जोडून बनवायची छोटी गाडी, आणि ती गाडी म्हणून ठीकठाक आणि किट म्हणून एक नंबर. ज्याला बॉक्स उघडून लगेच सोसायटीच्या पार्किंगमध्ये धुरळा उडवायचाय त्याने सरळ तयार गाडी घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. पण गाडी अशी का वळते, उडी मारल्यावर नाकावरच का पडते, हे ज्याला कळून घ्यायचंय त्याने ही घ्यावी.

आहे काय तर १/१० स्केल, फोर व्हील ड्राइव्ह, मधून एक लांब शाफ्ट आणि पुढे-मागे एकेक गिअर डिफ (डिफरन्शियल, म्हणजे वळताना डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग). मूळ २०१३ ची टीटी-०२ ही डांबरी रस्त्यावरची चेसिस, तिलाच लांब आर्म (चाक धरणारे दांडे), उंच शॉक टॉवर (शॉक ॲब्सॉर्बर अडकवायचे खांब) आणि काटेरी टायर लावून बग्गी केलीये. मी घेतली ती प्लाझ्मा एज टू बॉडीवाली. बॉक्समध्ये ५४० साइजची मोटर येते, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) काही पॅकमध्ये असतो काहीत नसतो (पैसे द्यायच्या आधी विचारून घ्या), आणि रिमोट, रिसीव्हर, सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर), बॅटरी, चार्जर, रंग हे सगळं वेगळं, म्हणजे किटच्या किमतीवर खूश होऊन ऑर्डर टाकली की खरं बिल नंतर फुगतं. हौसेला मोल नाही वगैरे ठीक आहे पण घरी उत्तर द्यावं लागतं.

मॅन्युअलला पैकीच्या पैकी. शब्द कमी, चित्रं जास्त, आणि पानाच्या कडेला त्या त्या स्टेपचे स्क्रू खऱ्या मापात छापलेले. हातातला स्क्रू चित्रावर आडवा ठेवायचा, जुळला तर तोच. हे स्क्रू जपानी जेआयएस मापाचे असतात, आपला नेहमीचा फिलिप्स त्यात बसल्यासारखा वाटतो पण जोर लावला की उसळून बाहेर येतो आणि स्क्रूचं डोकं खातो. एक चांगला जेआयएस स्क्रू ड्रायव्हर घ्याच, बाकी काही नाही घेतलं तरी चालेल. स्क्रू सरळ प्लास्टिकमध्येच आटे पाडत जातात त्यामुळे टोकाला जरासा साबण लावायचा, थोडा पुढे थोडा मागे करत घालायचा आणि बसला की थांबायचं. "अजून एक पीळ" दिला की आटे गेलेच समजा.

किटमध्ये चाकांना आणि गिअरबॉक्सला प्लास्टिकचे बुश (आस फिरण्यासाठीच्या कड्या) येतात. आपल्याकडच्या मुरमाची पूड त्यात गेली की ती पॉलिश पेपरचं काम करते, थोड्या दिवसांत चाक डगडगायला लागतं. बॉल बेअरिंगचा सेट जोडतानाच टाका (बहुतेक सगळे ११५० साइजचे, म्हणजे बाहेरून ११ आणि आतून ५ मिमी). "आधी चालवून बघू, मग टाकू" म्हणालात तर दोन्ही गिअरबॉक्स परत खोलायची तयारी ठेवा.

आता शॉक, म्हणजे टामियाच्या भाषेत सीव्हीए डॅम्पर. अख्ख्या किटमधला सगळ्यात भारी भाग हाच आणि घाई करणाऱ्यांची वाट लागते तीही इथेच. पिस्टनला एक, दोन की तीन भोकं हे तुम्ही निवडायचं, भोकं जास्त तर तेल पटकन सरकतं, शॉक मऊ. तेल भरलं की पिस्टन अगदी हळू वर-खाली करायचा, बारीक बुडबुडे वर येतात, मग शॉक उभा ठेवून चहा प्यायला जायचं. परत आल्यावर वरचे बुडबुडे फोडा, काठोकाठ तेल, वरून रबरी डायफ्रॅम तिरका टेकवत बसवा म्हणजे हवा एका बाजूने निघून जाते, थोडं तेल सांडेल, सांडू दे, खाली फडका ठेवा. झालं की डावा आणि उजवा शॉक शेजारी शेजारी धरून एकदमच दाबा आणि सोडा. दोन्ही सारख्याच वेगाने परत आले पाहिजेत. एक मागे राहिला किंवा आतून चुबुक चुबुक आवाज आला तर हवा आहे, परत खोला. या एका गोष्टीत आळस केलेली गाडी मग सेटिंग किती बदला, डावीकडे वेगळी आणि उजवीकडे वेगळीच वळते.

तेलाच्या नंबरात, म्हणजे ते किती दाट हे सांगणाऱ्या आकड्यात, एक घोळ आहे. टामियाच्या बाटलीवर ४०० वगैरे आकडे असतात, अमेरिकन कंपन्या डब्ल्यूटीत मोजतात, असोसिएटेडचं ३० डब्ल्यूटी म्हणजे साधारण ३५० सीएसटी (दाटपणाचं शास्त्रीय माप) आणि ३५ म्हणजे ४२५. उन्हाने तेल पातळ होतं, त्यामुळे पुण्यात मे महिन्यात दुपारी चालवणार असाल तर एक नंबर जाड टाका, थंडीत सकाळी तीच गाडी दगडासारखी वाटेल तेव्हा परत पातळ.

डिफबद्दल लोक फार बोलत नाहीत. या चेसिसचे डिफ सीलबंद नाहीत, पातळ सिलिकॉन तेल टिकत नाही, म्हणून जाड अँटी-वेअर ग्रीस भरायचं. पुढच्यात जास्त, मागच्यात नेहमीचं. मोकळ्या डिफमध्ये एक चाक हवेत गेलं की सगळी ताकद तिकडेच पळते आणि बाकीची चाकं बघत बसतात. पुढचा घट्ट केला की वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिल्यावर नाक ओढत बाहेर येतं, फरक पहिल्याच राउंडला कळतो.

स्टिअरिंगमधला प्ले (ढिलेपणा) हे या चेसिसचं जुनं दुखणं. बारीक शिम (पातळ चकत्या) टाकून बराच कमी होतो, शिवाय किटमधला सर्व्हो सेव्हर (धक्क्यापासून सर्व्होला वाचवणारा भाग) मऊ आहे, तो काढून कडक हाय टॉर्कवाला लावा. जमिनीपासूनची उंची मी २३-२४ मिमीच्या आसपास ठेवतो, कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या बाजूचा कल, एक डिग्री आत. गवतावर अजून वर घ्यावी लागते, नाहीतर पोट घासतं.

लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, टीबीएलई-०२एस ईएससी मिळाला असेल तर त्यात लिपोचा कट-ऑफ (व्होल्टेज फार उतरलं की थांबवणारी सोय) नाही. अलार्म लावा किंवा निकेलवाली ७.२ व्होल्टचीच वापरा, सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की बॅटरी मेली.

निळ्या ॲल्युमिनियम पार्टचा नाद मात्र करू नका. फोटोत झकास दिसतात, पण प्लास्टिकचा आर्म वाकून धक्का खातो म्हणून पुढचं वाचतं, सगळंच कडक केलं की तो धक्का गिअरबॉक्सपर्यंत पोचतो. तेच पैसे बेअरिंग, तेल आणि टायरमध्ये घाला, टायरने जेवढा फरक पडतो तेवढा कशानेच नाही. आणि हो, खऱ्या रेस ट्रॅकवर असोसिएटेड किंवा योकोमोच्या रेसिंग बग्ग्यांसमोर ही टिकणार नाही, ती अपेक्षाच नको. १७ दातांच्या पिनियनवर (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) ५४० मोटर, पळते बऱ्यापैकी, उगाच मोठं पिनियन लावून मोटर भाजू नका.

बॉडी पॉलिकार्बोनेटची, रंग आतून मारायचा, गडद आधी आणि फिका नंतर, आणि टामियाच्या पीएस सिरीजचाच. टीएस प्लास्टिक मॉडेलचा असतो, तो यावर टिकत नाही. स्प्रेचा डबा विमानाने येत नाही त्यामुळे बाहेरून किट मागवलंत तरी रंग इथेच शोधावा लागतो. स्पेअर पार्ट सुटे मिळत नाहीत, अख्खी फ्रेम (एकाच साच्यातले जोडलेले पार्ट) घ्यावी लागते, तेव्हा पुढच्या आर्मची एक फ्रेम किटबरोबरच मागवा, पोस्टेज एकदाच पडतं.